दुसरी सर्व्हिस आणि पाच कारणं

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४



आजचा श्लोक छोटा आहे, पण त्यात एक अख्खी हिशोबाची वही आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म घडतं तेव्हा त्यामागे पाच कारणं असतात : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्म जिथं उभं राहतं ती जागा, ते करणारा, ज्यानं करायचं ती साधनं, प्रत्यक्षातल्या वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवं म्हणजे आपल्या हाताबाहेरचं सगळं. पुढच्या श्लोकात म्हटलंय की कर्म शरीरानं केलेलं असो, वाणीनं की मनानं, योग्य असो की अयोग्य, ही पाच कारणं कुठंच सुटत नाहीत. आणि त्याच्याही पुढच्या श्लोकात येतं की एवढं असूनही जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला अजून नीट दिसत नाही.

हे वाचताना आपण मान डोलावतो. पण हा हिशोब मांडायचा कधी? कुरुक्षेत्र तर रोज समोर येत नाही. म्हणून आज एका ताईंनी विचारलेला प्रश्न घेऊ या. त्या पुण्यात नोकरी करतात, वय तीसच्या आसपास, आणि चार महिन्यांपूर्वी सोसायटीच्या कोर्टवर टेनिस शिकायला लागल्या. त्यांचा मेसेज थोडक्यात असा :

"सुरुवातीला मी सर्व्हिस नुसती ढकलायचे. हळू जायची, पण आत पडायची. मग कोचनी ग्रिप बदलायला लावली. आता दहातल्या सहा बाहेर जातात. एकटी असते तेव्हा मला काही वाटत नाही, फळाची अपेक्षा ठेवायची नाही असं मनाशी म्हणते. पण रविवारी आम्ही डबल्स खेळतो. माझ्या डबल फॉल्टमुळे माझी पार्टनर हरते. ती काही बोलत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं. माझ्या शिकण्याची किंमत तिनं का मोजायची? हे निष्काम कर्म आहे की नुसता स्वार्थ?"

खरं सांगायचं तर असा प्रश्न बऱ्याच प्रवचनांत येत नाही. फळाचा त्याग करा असं आपण सहज म्हणतो. पण फळ दोघांचं असेल तर?

उत्तराकडे जाण्याआधी जे टेनिस खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोर्टची लांबी ७८ फूट असते. (अठराव्या अध्यायाचे श्लोकही ७८! योगायोगच आहे, त्यातून काही अर्थ काढू नका, पण लक्षात ठेवायला सोपं.) तुम्ही एका टोकाच्या रेषेमागे उभं राहायचं, स्वतःच्या हातानं चेंडू वर टाकायचा आणि तो तिरक्या दिशेच्या पलीकडच्या चौकटीत पाडायचा. ही चौकट २१ फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद. मध्ये नेट, मधोमध ३ फूट उंच. संधी दोन मिळतात. पहिली चुकली तर फॉल्ट, दुसरीही चुकली तर डबल फॉल्ट आणि गुण समोरच्याला.

टेनिसमधला बाकी प्रत्येक फटका समोरून आलेल्या चेंडूला दिलेलं उत्तर असतो. सर्व्हिस हा एकच फटका असा की ज्यात समोरच्याचा हातच नसतो. चेंडू तुमचा, वेळ तुमची, टाकणारा हात तुमचा, मारणारा हातही तुमचा. म्हणूनच नवशिक्याला ती सगळ्यात जास्त छळते. चुकली की दोष द्यायला कोणी सापडत नाही. मग मन दोन टोकांना पळतं. एक तर "वारा होता, ऊन होतं, रॅकेट जुनी आहे", नाहीतर "मी आहेच बावळट, मला जमणारच नाही". ही दोन्ही वाक्यं पाच कारणांतलं एकच कारण उचलतात आणि उरलेली चार झाकून टाकतात. तेव्हा आपण पाचही मांडून बघू.

अधिष्ठान. शंकराचार्यांच्या भाष्यात याचा अर्थ शरीर असा घेतलाय. सर्व्हिस या शरीरातूनच होणार, आणि हे शरीर आपण निवडलेलं नाही. कुणाची उंची सहा फूट, कुणाची पाच. पण इथं एक गमतीचं गणित आहे. बेसलाइनपासून नेट ३९ फुटांवर, आणि नेटपासून चौकटीची शेवटची रेषा आणखी २१ फुटांवर. चेंडू अगदी सरळ रेषेत, नेटला चाटून, चौकटीच्या कडेवर पाडायचा म्हटलं तर तो साडेआठ फुटांहूनही थोडा वर मारावा लागेल. मध्यम उंचीच्या माणसाची हात ताणून धरलेली रॅकेट साधारण तिथपर्यंत जेमतेम पोचते, किंवा पोचत नाही. म्हणजे "वरून खाली जोरात हाणायचं" ही नवशिक्याची पहिली कल्पना आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीराला लागूच पडत नाही. चेंडू थोडा वरच्या दिशेनं मारावा लागतो आणि त्याला फिरकी द्यावी लागते. तो खाली आणण्याचं काम गुरुत्वाकर्षण आणि हवा करतात. आपण फक्त वर पाठवायचं. खाली आणणारा दुसराच आहे.

करण. म्हणजे साधन. डोळा, हात, रॅकेट. नवशिका रॅकेट धरतो ती तव्याचा दांडा धरल्यासारखी, रॅकेटचं तोंड सरळ चेंडूकडे. त्यामुळे चेंडूला थाप बसते आणि तो पलीकडे जातो. हीच ताईंची जुनी सर्व्हिस. कोच शिकवतात ती ग्रिप हातोडी धरल्यासारखी असते. तिच्यात रॅकेटची कड चेंडूकडे जाते आणि शेवटच्या क्षणी हात आतून फिरतो, तेव्हा तोंड चेंडूला भेटतं. सुरुवातीला हे इतकं उलटं वाटतं की चेंडू शेजारच्या कोर्टवर जातो. पण फिरकी याच ग्रिपमधून नीट मिळते. तव्याच्या ग्रिपला एक मर्यादा असते, ती कितीही मेहनत केली तरी ओलांडता येत नाही. साधन चुकीचं असेल तर नुसती तळमळ पुरत नाही, ही गोष्ट भक्तीतही तितकीच खरी आहे.

चेष्टा. आज मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. गीतेत तिचा अर्थ हालचाल, प्रयत्न. आणि श्लोकात या चेष्टा अनेक आणि वेगवेगळ्या आहेत असं मुद्दाम म्हटलंय. सर्व्हिस शिकताना त्याचं कारण कळतं. पाय रेषेमागे. डावा हात सरळ वर (उजव्या हातानं खेळणाऱ्याचा). चेंडू फेकायचा नाही, उंच फळीवर हलकेच ठेवल्यासारखा सोडायचा. गुडघे वाकलेले. रॅकेट पाठीमागे खाली जाते, मग पाय उचलतात, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगटाजवळचा हात फिरतो. एवढं सगळं दीड-दोन सेकंदांत. बाहेरून आपण "सर्व्हिस चुकली" म्हणतो. आतून पाहिलं तर सगळी सर्व्हिस कधीच चुकत नाही. चुकतो तो एखादा सांधा. बहुतेक वेळा टॉस.

टॉसचा एक नियम मला फार आवडतो. चेंडू वाकडा गेला आणि तुम्ही रॅकेट फिरवलीच नाही, तर तो फॉल्ट नसतो. चेंडू झेला, पुन्हा सुरू करा. पण रॅकेट फिरवली आणि हुकली, तर मात्र फॉल्ट. म्हणजे वाकडं सुरू झालेलं कर्म थांबवायला परवानगी आहे. वाकड्या टॉसमागे धावत जाऊन कसंतरी मारायची सक्ती कुणीच केलेली नाही. तरी नवशिका धावतो, कारण थांबलं तर लोक काय म्हणतील! रागात टाईप केलेला मेसेज आठवा. तोही वाकडा टॉसच. पाठवायच्या आधी झेलता येतो.

दैव. आपण दैव म्हणजे नशीब समजतो. शंकराचार्य इथं वेगळं सांगतात : इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, जसा डोळ्यांसाठी आदित्य. सकाळच्या कोर्टवर हे शब्दशः खरं ठरतं. टॉससाठी वर बघायचं आणि नेमका तिथंच सूर्य! ज्याच्यामुळे दिसतं त्याच्यामुळेच दिसेनासं होतं. टेनिसनं यावर शांतपणे उपाय काढलाय. ठरावीक गेमनंतर दोन्ही बाजू जागा बदलतात, म्हणजे ऊन दोघांच्याही वाट्याला येतं. ऊन घालवता येत नाही, वाटून घेता येतं. आणि चेंडू नेटला घासून चौकटीत पडला, तर ती सर्व्हिस पुन्हा करायची असते. दैवाचा धक्का कधी कधी धरला जात नाही.

कर्ता. हा मी शेवटी घेतला, कारण खरी गडबड इथं होते. हात, पाय, रॅकेट, वारा, ऊन सगळे आपापलं काम करतात, आणि मधला "मी" म्हणतो, सगळं माझ्यामुळे. जिंकलं तरी माझ्यामुळे, हरलं तरी माझ्यामुळे. दुसऱ्या सर्व्हिसच्या वेळी हा "मी" सगळ्यात मोठा होतो. पहिली चुकलेली असते, सगळे बघत असतात, आणि हात आखडतो. मग रॅकेटचा वेग कमी होतो, फिरकी मिळत नाही आणि चेंडू एक तर नेटमध्ये, नाहीतर लांब. सावधपणामुळेच चुकतं.

हे फक्त नवशिक्यांचं नाही. आर्यना सबालेंकाचं उदाहरण बघा. जगातल्या आघाडीच्या खेळाडूंपैकी एक, आणि जानेवारी २०२२ मध्ये ॲडलेडला तिची सर्व्हिस इतकी बिघडली की एका सामन्यात तिनं चक्क खालून, अंडरआर्म सर्व्हिस केली. त्या वर्षभरात तिचे डबल फॉल्ट ४०० च्या वर गेले. त्याच वर्षी तिनं हालचालींचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञाची मदत घेतली, सर्व्हिस सांध्यासांध्यानं पुन्हा बांधली, आणि जानेवारी २०२३ मध्ये एलेना रिबाकिनाला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. मला यातला विजय महत्त्वाचा वाटत नाही, तसा तो इतर अनेकींना मिळतोच. महत्त्वाचं हे की "माझ्यात काय वाईट आहे?" या प्रश्नाच्या जागी "कुठला सांधा सुटलाय?" हा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसतं, नुसतं रडू असतं. दुसऱ्याला उत्तर असतं, कारण तो पाच कारणांच्या वहीतला प्रश्न आहे.

आता ताईंकडे येऊ.

ताई, तुम्ही एकट्या सराव करता तेव्हा सगळं सरळ आहे. ढकललेली सर्व्हिस म्हणजे आज मिळणारं फळ. नवी सर्व्हिस म्हणजे आज न मिळणारं फळ, पण योग्य कर्म. तिथं तुम्ही फळ सोडलंत आणि कर्म धरलंत. छान.

पण रविवारच्या डबल्समध्ये तुम्ही दोन फळं सोडताय, एक तुमचं आणि एक तुमच्या पार्टनरचं. आणि माझ्या मते प्रश्नाची गाठ इथंच आहे. माणूस स्वतःच्या वाट्याच्या फळाचा त्याग करू शकतो. दुसऱ्याच्या वाट्याच्या फळाचा त्याग त्याला करता येत नाही. तो त्याग नसतो, ते परस्पर दिलेलं दान असतं, दुसऱ्याच्या खिशातून. घरातल्या माणसांना न विचारता नोकरी सोडून "मला पैशाची आसक्ती नाही" म्हणणाऱ्याला आपण विरक्त म्हणत नाही. तुमच्या मनाला टोचतंय ते बरोबरच टोचतंय.

मग काय, मॅचमध्ये पुन्हा ढकलायला लागायचं? तसं वाटणं साहजिक आहे. पण डबल्समध्ये तुमची पार्टनर कुठं उभी असते बघा. बहुतेकदा नेटजवळ. तुम्ही हळू, गुळगुळीत चेंडू आत ठेवलात की समोरची बाई पुढे येऊन तो हाणते, आणि तो जातो नेमका नेटवरच्या पार्टनरच्या अंगावर. तुमचा फॉल्ट वाचला, मार तिनं खाल्ला. म्हणजे जी गोष्ट दया वाटत होती तीसुद्धा स्वतःला वाचवणंच होती. डबल फॉल्ट सगळ्यांना दिसतो, ढकललेल्या सर्व्हिसचं नुकसान कुणाच्या नावावर लिहिलं जात नाही. एवढाच फरक. आपण पुष्कळदा चांगलं वागत नसतो, फक्त आपलं नाव लागणार नाही असं वागत असतो. गीतेत अर्जुनाला कर्मफळाच्या आशेपासून जसं सावध केलंय, तसंच कर्म टाळण्याच्या ओढीपासूनही. हे दुसरं आपण सोयीनं विसरतो.

तेव्हा मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, पार्टनरला विचारा. अगदी शब्दांत. "मी ग्रिप बदलतेय, दोन-तीन महिने माझ्या सर्व्हिसवर गुण जातील. तुला चालेल का?" ती हो म्हणाली, तर ते नुकसान तुम्ही लादलेलं राहत नाही, तिनं दिलेलं होतं. नाही म्हणाली, तर तेही तिचं हक्काचं उत्तर आहे, त्यावर रुसायचं नाही. मग काही रविवार दुसऱ्या कुणाशी खेळा, किंवा गुण न मोजता खेळा. तिच्या चेहऱ्यावरून तिचं मत ओळखत बसणं हेसुद्धा पुन्हा "मी"चंच काम आहे. कदाचित तिच्या मनात तिचाच चुकलेला व्हॉली चालू असेल!

दुसरी, मॅचमध्ये दुसरी सर्व्हिस नव्या ग्रिपनंच करा, पण नेम बदला. रेषेजवळ नको, चौकटीच्या मधोमध. नेटच्या बऱ्याच वरून. ताकद कमी, पण रॅकेट पूर्ण फिरवायची, आखडायची नाही. चांगले कोच हेच सांगतात : दुसरी सर्व्हिस म्हणजे घाबरलेली पहिली सर्व्हिस नव्हे. ती जास्त फिरकीची, जास्त उंचीवरून जाणारी, वेगळी सर्व्हिस असते. पार्टनरची काळजी नेमात दिसू द्या, भीती हातात नको.

तिसरी, मॅचबाहेरचा सराव वाढवा. तुमच्या शिकण्याची किंमत तिनं कमीत कमी मोजावी असं वाटत असेल, तर ती तुम्ही आधी एकटीनं मोजायची. चेंडूंची एक टोपली आणि रिकामं कोर्ट, बस्स. मराठीत अभ्यास म्हटलं की पुस्तक आठवतं, पण गीतेतला अभ्यास हा आपल्या "सराव" या शब्दाच्या जास्त जवळ आहे, तेच ते पुन्हा पुन्हा करणं. बाराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की चित्त माझ्यात स्थिर होत नसेल तर अभ्यासानं ये. तिथं ज्ञानेश्वर माऊली अभ्यासाचं बळ सांगताना वाघ-साप माणसाळल्याचे आणि विष पचवल्याचे दाखले देतात. तिथं चौकटीत पडणारा चेंडू म्हणजे काय मोठंसं! आणि त्या श्लोकांची उतरण किती प्रेमळ आहे बघा. हे जमत नाही? मग ते कर. तेही नाही? मग हे. नवशिक्याला दारातून परत पाठवणारा तो ग्रंथच नाही.

राहिला एक अवघड प्रश्न. फळ सोडायचं, तर नेम तरी का धरायचा? चेंडू कुठंही पडो! नाही. नेम हा कर्माचाच भाग आहे. चेंडू रॅकेटवरून सुटेपर्यंत नेम तुमचा, सुटल्यावर पडणं तुमचं नाही. सुटल्यावर बेसलाइनवर उभं राहून कितीही मान वाकडी केली तरी चेंडू वळत नाही. या दोन क्षणांच्या मध्ये एक बारीक रेघ आहे. तिच्या अलीकडे पूर्ण आस्था, पलीकडे पूर्ण स्वीकार. आपण बरोबर उलटं करतो. अलीकडे अर्धवट लक्ष, पलीकडे सगळी तगमग. परीक्षेचा निकाल, इंटरव्ह्यू, कुणाला तरी मनातलं सांगणं, सगळीकडे तीच रेघ.

टेनिसमध्ये एका गुणानंतर पुढच्या सर्व्हिसला जास्तीत जास्त २५ सेकंद मिळतात. एक नाव घ्यायला तेवढा वेळ खूप झाला.

आजच्यापुरतं : दिवसभरात जे एक काम बिघडेल, त्याची पाच कारणं कागदावर लिहा. जागा, मी, साधन, हालचाली, दैव. प्रत्येकापुढे एकच प्रामाणिक ओळ. "मी"पुढे पूर्ण पान भरायचं नाही आणि "दैव"पुढेही नाही. मग बघा, त्या चुकीचं ओझं दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर पडलंय का. पडलं असेल, तर आजच त्या माणसाशी बोला.

हे पांडुरंगा, जे माझ्या हातात आहे ते नीट धरायला शिकव. जे सुटलं ते सुटू दे. आणि माझ्या शिकण्यात ज्यांचं नुकसान होतं, त्यांना विचारण्याइतकं धैर्य दे.

उद्या श्लोक १६ बघू.

राम कृष्ण हरी.